संत गोन्सालो गार्सिया : वसईचा मुलगा, जपानचा दुभाषा



कोपर स्थानकाच्या वरच्या फलाटावर वसईकडे जाणारी गाडी थांबते. भिवंडी, कामण करीत ती वसई रोडला पोहोचते. आपल्या धर्मग्रामातील काही कुटुंबांचे सोयरे त्या टोकाला आहेत. दरवर्षी 6 फेब्रुवारी जवळ आला की त्याच वसईच्या एका माणसाची आठवण आपण मिस्सेत करतो आणि पुढे वर्षभर विसरतो. म्हणून या रविवारी संत गोन्सालो गार्सिया यांच्याविषयी थोडे सविस्तर लिहायचे आम्ही ठरवले. त्यांचा क्रूस सर्वांना ठाऊक आहे. त्याआधीची पंचवीस वर्षे फारशी कुणाला ठाऊक नसतात, आणि आमच्या मते खरी गोष्ट तिथेच आहे.

गोन्सालो यांचा जन्म 1557 च्या सुमारास वसईत झाला. वडील पोर्तुगीज, आई इथलीच. वसई 1534 पासून पोर्तुगीजांकडे होती आणि ठाणेही त्याच अंमलाखाली होते. (वसई तालुका 2014 पर्यंत ठाणे जिल्ह्यातच होता, तेव्हा हे संत आपल्याच जिल्ह्याचे असे म्हणण्याचा मोह आम्हाला आवरत नाही.) वसई किल्ल्यात येशूसंघीय धर्मगुरूंचे विद्यालय होते. तिथे त्यांचे शिक्षण झाले आणि 1572 मध्ये, पंधराव्या वर्षी, फादर सेबास्तियन गोन्साल्विस यांच्याबरोबर ते जपानला निघाले. आजची पंधरा वर्षांची मुले दहावीच्या क्लासला जातात. हा मुलगा शिडाच्या जहाजाने पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला गेला.

तिथे जपानी भाषा त्यांनी लवकर आत्मसात केली. आठ वर्षे ते येशूसंघीयांचे धर्मशिक्षक होते. लोक जमवणे, प्रार्थना शिकवणे, धर्मगुरूंचे बोलणे लोकांना आणि लोकांचे धर्मगुरूंना समजावून सांगणे, हे त्यांचे काम. गोड स्वभावामुळे ते लोकांचे लाडके झाले. त्यांची एकच इच्छा होती, येशूसंघात दाखल होण्याची. ती पूर्ण झाली नाही. भारतीय आईच्या पोटी जन्मलेल्यांना संन्यस्त संघात घ्यायला त्या काळी युरोपीय वरिष्ठ सहसा राजी नसत, हे इतिहासात नमूद आहे आणि ते झाकून ठेवण्याचे आम्हाला काही कारण दिसत नाही. ख्रिस्तसभेतील माणसांच्या हातून असे नकार दिले गेले आहेत.

इथे जरा थांबावेसे वाटते. सेमिनरीतून परत आलेल्या मुलाकडे आपण कसे पाहतो? चर्चच्या पायऱ्यांवर कुजबूज होते, घरच्यांना माना खाली घालाव्या लागतात, कुणीतरी मुद्दाम विचारते. परत पाठवला की स्वतःहून आला? गोन्सालो याच प्रश्नाच्या कचाट्यात होते, तेही परमुलखात, आणि आठ वर्षे राबल्यानंतर.

त्यांनी मिशनचे काम सोडले आणि व्यापार सुरू केला. व्यापारात बरकत आली, ठिकठिकाणी पेढ्या उघडल्या. आता त्यांना कुणाची परवानगी लागत नव्हती. पैसा होता, भाषा येत होती, मनात येईल त्या बंदराला जाता येत होते. आम्ही सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकलो तेव्हा स्वातंत्र्य या विषयावर जाडजूड ग्रंथ वाचले. कशापासून मुक्त व्हायचे आणि कशासाठी मुक्त व्हायचे, यातला फरक परीक्षेत लिहून गुणही मिळवले. पण तो फरक या व्यापाऱ्याच्या आयुष्याइतका स्पष्ट आम्हाला कुठल्या ग्रंथात दिसला नाही. पहिल्या अर्थाने त्यांना सारे मिळाले होते. तरीही कामानिमित्त मनिलाला जावे लागे तेव्हा त्यांची पावले फ्रान्सिस्कनांच्या मठाकडे वळत. शेवटी त्यांनी पेढ्यांवर पाणी सोडले आणि त्या मठात प्रवेश मागितला. या वेळी दार उघडले.

ते धर्मगुरू झाले नाहीत. ते ब्रदर झाले आणि ब्रदरच राहिले. आयुष्यात त्यांनी एकदाही मिस्सा अर्पण केली नाही, पापनिवेदन ऐकले नाही. गरिबी, ब्रह्मचर्य आणि आज्ञापालन ही तीन व्रते मात्र घेतली. बाहेरून पाहणाऱ्याला वाटेल, मोकळा माणूस बांधला गेला. आमची समजूत उलटी आहे. कुणाच्या नकारावर किंवा होकारावर आता त्यांचे मोल ठरणार नव्हते.

1593 मध्ये फिलिपिन्सच्या स्पॅनिश गव्हर्नरने जपानचा सत्ताधीश हिदेयोशी याच्याकडे वकिलात पाठवली. तिचे प्रमुख फादर पेद्रो बाप्तिस्ता होते आणि दुभाषे होते ब्रदर गोन्सालो. सोबतच्या फ्रान्सिस्कनांना तो देश नवा होता. वसईच्या या ब्रदरने तिथे उमेदीची वर्षे घालवली होती. वाया गेली असे ज्या वर्षांविषयी कुणीही म्हटले असते, तीच आता उपयोगी पडली. हिदेयोशीसमोर बोलायचे ते त्यांच्याच तोंडून. परवानगी मिळाली आणि क्योतो शहरात मठ उभा राहिला, कुष्ठरोग्यांसाठी रुग्णालये उभी राहिली. एकेकाळचे पेढ्यांचे मालक रोग्यांच्या जखमा बांधणाऱ्यांच्या घरात राहू लागले.

हिदेयोशीने मिशनऱ्यांविरुद्ध हुकूम 1587 मध्येच काढला होता, पण तो कडकपणे अमलात येत नव्हता. 1596 च्या ऑक्टोबरमध्ये सान फेलिपे नावाचे स्पॅनिश जहाज जपानच्या किनाऱ्यावर फुटले. त्यातला माल जप्त झाला आणि मिशनरी म्हणजे स्पेनच्या सैन्याचे पुढारी असा संशय बळावला. 8 डिसेंबरला मठाभोवती पहारा बसला. जानेवारीत कैद्यांच्या डाव्या कानाचा तुकडा कापून त्यांना शहरातून गाड्यांवर मिरवले आणि मग भर हिवाळ्यात नागासाकीकडे नेले. वाट सुमारे 800 किलोमीटरची, दिवस साधारण महिन्याचे. निघताना ते 24 होते, वाटेत आणखी दोघांना धरले. सहा फ्रान्सिस्कन, तीन जपानी येशूसंघीय आणि 17 जपानी प्रापंचिक. लुईस इबाराकी हा त्यांतला सर्वांत लहान, 12 वर्षांचा. श्रद्धा सोडलीस तर सुटका, असे त्याला सांगण्यात आले होते. त्याने ते मान्य केले नाही. ज्या संघात गोन्सालो यांना जागा मिळाली नव्हती त्या संघाचे तिघे आणि गोन्सालो आता एकाच ओळीत चालत होते.

5 फेब्रुवारी 1597. नागासाकीच्या निशिझाका टेकडीवर 26 क्रूस मांडून ठेवले होते. ब्रदर गोन्सालो सर्वांत आधी पोहोचले आणि सरळ एका क्रूसाकडे गेले. हा आपलाच का, अशी त्यांनी चौकशी केली. तो त्यांचा नव्हता. दुसरा दाखवला तेव्हा त्यांनी गुडघे टेकून त्याला मिठी मारली. त्यांचे पाहून इतरांनीही तसेच केले. आम्ही हा प्रसंग वाचतो तेव्हा ती चौकशीच मनात राहते. आयुष्यभर आपली जागा शोधणारा माणूस तिथेही तेच विचारत होता. लोखंडी कड्यांनी त्यांना क्रूसाला जखडले, क्रूस उभे केले आणि दोन बाजूंनी भाले खुपसले. वय चाळीसच्या आसपास.

एक गोष्ट ठाण्याच्या लोकांनी लक्षात ठेवावी. 1321 मध्ये आपल्या ठाण्यात तोलेन्तिनोचे थॉमस आणि त्यांचे तीन सोबती रक्तसाक्षी झाले. ते परदेशातून आले होते, फ्रान्सिस्कन परिवाराचे होते, आणि चीनच्या वाटेवर होते. पावणेतीनशे वर्षांनी त्याच परिवाराचा, याच किनाऱ्यावर जन्मलेला ब्रदर पूर्वेला जाऊन मरण पावला.

पोप आठवे अर्बन यांनी 1627 मध्ये या रक्तसाक्षींना धन्यवादित घोषित केले आणि पोप नववे पायस यांनी 8 जून 1862 रोजी संतपद दिले. भारतात जन्मलेले पहिले संत म्हणजे हे वसईचे ब्रदर. त्यानंतर अल्फोन्सामातेच्या संतपदापर्यंत, म्हणजे 2008 पर्यंत, 146 वर्षे गेली. किल्ल्यातले येशूसंघीयांचे जुने चर्च आज गोन्सालो गार्सिया यांच्याच नावाने ओळखले जाते, आणि गास गावातले चर्चही त्यांच्याच नावाचे आहे. नागासाकीच्या टेकडीवर 1962 मध्ये स्मारक उभारले गेले. त्यावर ब्राँझच्या 26 मूर्ती एका रांगेत आहेत. त्यांतली एक वसईची आहे.