लो गिअरची लाज कशाला?

घाट सुरू झाला की तुम्ही काय करता? अंगठ्याने लिव्हर ढकलता, चेन मागच्या मोठ्या चक्रावर चढते आणि पाय हलके होतात. सेकंदाचं काम! पण या एका सेकंदासाठी एक माणूस चाळीसेक वर्षं भांडला, हे माहितेय? त्याचं नाव पॉल द व्हिव्ही. फ्रान्समध्ये तो ओळखला जातो ‘वेलोसिओ’ या टोपणनावाने.

जन्म १८५३चा. सांत-एतिएन शहरात त्याचा रेशमाचा धंदा होता. १८८१मध्ये, वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी, त्याने पुढे भलंमोठं चाक असलेली सायकल घेतली आणि गडी पार वेडा झाला. १८८७मध्ये रेशीम सोडून त्याने सायकलचं दुकान टाकलं, सायकलस्वारांसाठी मासिकही काढलं.

शहराला लागूनच रिपब्लिक घाट आहे, माथा ११६१ मीटरवर. असं सांगतात, की एकदा हा घाट चढताना त्याच्याच मासिकाचा एक वाचक आरामात पाइप ओढत त्याच्या पुढे निघून गेला. वेलोसिओला ते लागलं. पण करणार काय? सायकलला गिअर एकच. तो चढासाठी हलका ठेवला, तर सपाटीवर नुसते पाय गरगरणार.

मग त्याने पुढे दोन चक्रं बसवली. चढ आला की उतरायचं आणि चेन हाताने उचलून छोट्या चक्रावर टाकायची. हिशेब साधा आहे. पुढे ४८ दाते, मागे १६ असतील, तर पेडलच्या एका फेरीत मागचं चाक तीनदा फिरतं. सायकल साधारण सहा मीटर जाते. पुढे ३२, मागेही ३२ असतील, तर चाक एकदाच फिरतं. अंतर दोनच मीटर. मात्र त्याच चढावर पायाला जोरही एक तृतीयांशच लागतो. पुढे चालत्या सायकलवर चेन बदलणाऱ्या डिरेलरचा तो मोठा पुरस्कर्ता झाला.

सगळ्यांना हे पटलं? छे! १९०२मध्ये फ्रान्सच्या टूरिंग क्लबने डोंगरात चाचणी घेतली. तीन गिअरच्या सायकलवर मार्त एस या महिलेने एकाच गिअरवर चालवणाऱ्या नामांकित रेसरला मागे टाकलं. तरीही, पुढच्या वर्षी ‘टूर दे फ्रान्स’ सुरू करणारे आंरी देग्रांज यांचं मत ठाम होतं: गिअर पंचेचाळिशी उलटलेल्यांसाठी, खरी मर्दुमकी स्नायूंची. त्यामुळे टूरमधले रेसर कित्येक वर्षं घाटाच्या पायथ्याशी उतरून, मागचं चाक काढून उलटं बसवत राहिले. चाकाच्या दोन्ही बाजूंना वेगवेगळी चक्रं असायची ना!

वेलोसिओने सायकलस्वारांना काही नियम घालून दिले होते. भूक लागण्याआधी खा, तहान लागण्याआधी प्या, थकून कोसळेपर्यंत ताणू नका. आणि शेवटचा, आपल्याला सगळ्यात जड जाणारा: भाव खाण्यासाठी पेडल मारू नका.

१९३०मध्ये सांत-एतिएनमध्येच ट्रामची धडक बसून तो गेला. टूरने डिरेलरला परवानगी दिली ती १९३७मध्ये. ते पाहायला तो नव्हता. आज त्याचं स्मारक त्याच रिपब्लिक घाटात उभं आहे.

तेव्हा पुढच्या चढावर मित्र जड गिअरवर दात-ओठ खात असेल, तर खाऊ दे. तुम्ही बिनधास्त गिअर उतरवा. माथ्यावर पोचल्यावर आजूबाजूला बघण्याइतका दम शिल्लक राहिला पाहिजे, वेलोसिओला एवढंच तर हवं होतं.