स्वतःचे मज्जातंतू तोडून घेणारे डॉक्टर

२५ एप्रिल १९०३ रोजी लंडनमधील एका नामांकित डॉक्टरांनी आपला धडधाकट डावा हात शस्त्रक्रियेसाठी पुढे केला. कोपराजवळ त्वचेकडे जाणारे मज्जातंतू कापले गेले व त्यांची टोके रेशमाच्या धाग्याने पुन्हा जोडण्यात आली. हे डॉक्टर म्हणजे हेन्री हेड. वय ४१, रॉयल सोसायटीचे सभासद. लग्न अजून व्हायचे होते.

हा खटाटोप कशासाठी? मज्जातंतू तुटलेले रुग्ण लंडन हॉस्पिटलात त्यांनी पुष्कळ पाहिले होते. पण हरवलेली संवेदना कोणत्या क्रमाने परतते, याची बारीकसारीक हकिकत रुग्ण कशी सांगणार? तेव्हा हेड स्वतःच रुग्ण झाले. केंब्रिजला त्यांचे मित्र रिव्हर्स (आपल्या नीलगिरीत येऊन तोडा लोकांचा अभ्यास करणारे ते हेच) परीक्षकाच्या जागी. हेड सवड काढून तिकडे जात, डोळे मिटून बसत आणि रिव्हर्स त्या हातावर कापूस, टाचणी, गरम-थंड नळ्या टेकवीत. चार वर्षांहून अधिक काळ हे चालले!

प्रथम परतली ती वेदना आणि अतिउष्ण-अतिशीत यांची जाणीव. पण ती रांगडी, पसरट, नेमकी कोठे ते न कळणारी. कापसाचा हळुवार स्पर्श फार मागाहून उमगला. यावरून हेड यांनी मज्जातंतूंच्या दोन व्यवस्था मानल्या, एक ओबडधोबड व एक नाजूक. ट्रॉटर आणि डेव्हिस यांनी १९०९ साली आपलेही मज्जातंतू कापून घेऊन हे मत खोडून काढले, आणि पुढे ते टिकले नाही.

मला त्यांचे १९११ चे काम अधिक मोलाचे वाटते. होम्स यांच्यासह त्यांनी मेंदूतील थॅलॅमसला इजा झालेले रुग्ण तपासले. काहींना शरीराच्या एकाच बाजूस साधी ऊब विलक्षण सुखद वाटे, तर टाचणी असह्य होई. म्हणजे स्पर्श कळणे निराळे आणि तो सुखाचा वाटणे निराळे! १९३९ साली स्वीडनच्या झॉटरमन यांना मांजराच्या त्वचेत हलक्या स्पर्शाने जागे होणारे बारीक, मंदगती तंतू सापडले. तसलेच तंतू पुढे माणसाच्या केसाळ त्वचेतही आढळले. सेकंदाला १ ते १० सेंटिमीटर वेगाने हात फिरवला की ते सर्वाधिक चेततात. त्यांचा निरोप सेकंदाला जेमतेम एक मीटर चालतो.

हेड कविताही लिहीत. १९१९ साली त्यांचा संग्रह निघाला. १९२७ मध्ये ते सर झाले. तोवर कंपवाताने त्यांना गाठले होते. हातपाय हळूहळू निकामी होत गेले आणि १९४० साली त्यांचे निधन झाले.