बर्फावरून पावसाचा माग घेणारा संशोधक

हिमालयातील बर्फ आणि अकोला-अमरावतीकडील कापूस यांचा परस्परांशी काही संबंध असेल, असे सहसा कोणाच्या मनात येत नाही. वऱ्हाडची शेती प्रामुख्याने पावसावर अवलंबून आहे. पूर्णेच्या खोऱ्यातील खारपाणपट्ट्यात तर विहिरींचे पाणीही खारट. तेथील शेतकऱ्याची सारी भिस्त मृगाच्या पावसावर. हा पाऊस कसा होईल, याची चाहूल हिमालयातील बर्फावरून आधीच घेता येईल, असा विचार सुमारे १४० वर्षांपूर्वी हेन्री फ्रान्सिस ब्लॅनफर्ड यांनी मांडला. भारतीय हवामान खात्याचे ते पहिले प्रमुख.

ब्लॅनफर्ड यांचा जन्म १८३४ मध्ये लंडनमध्ये झाला. तेथील खाणविद्येच्या शाळेत आणि नंतर जर्मनीतील फ्रायबर्ग येथे शिक्षण घेऊन १८५५ मध्ये ते थोरले बंधू विल्यम यांच्यासमवेत कोलकात्यास आले. दोघेही भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण खात्यात रुजू झाले. ओरिसातील तालचेर येथील कोळशाच्या पट्ट्याची पाहणी करताना या बंधूंना बारीक गाळात रुतलेले प्रचंड दगडगोटे आढळले. वाहत्या पाण्याने गाळ आणि अवजड दगड एकाच ठिकाणी असे टाकावेत, हे संभवत नव्हते. हे काम बर्फाचे असावे, असा निष्कर्ष त्यांनी काढला. उष्ण कटिबंधात एके काळी बर्फ होते, हे विधान त्या काळी धाडसाचेच होते. पुढे १८७५ मध्ये वऱ्हाडच्या शेजारी, चंद्रपूरजवळील इरई येथे सरकत्या बर्फाने ओरखडलेला खडक फेडन या भूवैज्ञानिकास सापडला आणि त्या निष्कर्षाला बळ मिळाले. सुमारे ३० कोटी वर्षांपूर्वीच्या हिमयुगाच्या या खुणा आज सर्वमान्य आहेत.

प्रकृतीच्या कारणास्तव ब्लॅनफर्ड यांनी १८६२ मध्ये सर्वेक्षण खाते सोडले व कोलकात्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात अध्यापन सुरू केले. ऑक्टोबर १८६४ मध्ये कोलकात्यावर भीषण चक्रीवादळ आदळले. हजारो माणसे दगावली. या वादळाचा तपशीलवार अहवाल तयार करण्याच्या कामी ब्लॅनफर्ड यांचा वाटा मोठा होता. भूगर्भाचा अभ्यासक हवामानाकडे वळला तो येथून. आरंभी बंगाल प्रांतापुरते असलेले त्यांचे काम १८७५ मध्ये देशव्यापी झाले. तोवर प्रत्येक प्रांत आपापल्या पद्धतीने नोंदी ठेवीत असे. त्या एकसारख्या आणि परस्परांशी ताडून पाहता येतील अशा करणे, हे नव्या खात्याचे पहिले कार्य ठरले.

खाते स्थापन होऊन वर्षही उलटते न उलटते, तोच १८७६ ते १८७८ चा महादुष्काळ कोसळला. लाखो लोक मृत्युमुखी पडले. पावसाचा अंदाज ही आता सरकारची निकड झाली. ब्लॅनफर्ड यांनी जुन्या नोंदी तपासल्या, तेव्हा एक गोष्ट त्यांच्या ध्यानात आली. हिमालयात ज्या वर्षी बर्फ अधिक पडते आणि उशिरापर्यंत टिकते, त्या वर्षी उत्तरेकडून कोरडे वारे वाहत राहतात व पाऊस ओढ देतो. यामागचे कारण समजण्यास सोपे आहे. पांढरे बर्फ सूर्याचे ऊन परतवून लावते. जी उष्णता उरते, तिचा बराचसा भाग बर्फ वितळण्यात खर्ची पडतो. परिणामी जमीन उशिरा तापते आणि समुद्रावरील बाष्पयुक्त वाऱ्यांना ओढून घेणारा कमी दाबाचा पट्टा दुबळा राहतो. हे संशोधन १८८४ मध्ये प्रसिद्ध झाले. त्याआधीपासून सुरू असलेले प्रायोगिक अंदाज आशादायक ठरल्याने ४ जून १८८६ रोजी देशाच्या मोसमी पावसाचा पहिला नियमित दीर्घकालीन अंदाज देण्यात आला. ब्लॅनफर्ड यांच्या कारकिर्दीतील हा सर्वांत मोलाचा टप्पा होय.

निवृत्तीनंतर ते मायदेशी परतले आणि जानेवारी १८९३ मध्ये त्यांचे निधन झाले. त्यांच्या पद्धतीची खरी कसोटी त्यानंतर लागली. त्यांचे उत्तराधिकारी जॉन एलियट यांनी बर्फाच्या जोडीला हिंदी महासागर व ऑस्ट्रेलियाकडील हवामानाचाही विचार करून १८९९ साली सरासरीहून अधिक पावसाचे भाकीत केले. प्रत्यक्षात पावसाने पाठ फिरवली. विक्रम संवत १९५६ मधील म्हणून ‘छप्पनचा दुष्काळ’ या नावाने ओळखल्या गेलेल्या त्या आपत्तीत वऱ्हाड होरपळून निघाला. पिके गेली, गुरे गेली. १९०० साली वऱ्हाडातील मृत्यूंचे प्रमाण भयावह होते. चुकलेल्या अंदाजाची किंमत वेधशाळेबाहेर कोणाला मोजावी लागते, हे त्या वर्षाने दाखवून दिले.

तथापि, ब्लॅनफर्ड यांचा विचार त्यामुळे मोडीत निघाला नाही. १९०४ मध्ये सूत्रे हाती घेतलेल्या गिल्बर्ट वॉकर यांनी संख्याशास्त्राच्या आधारे अनेक घटकांची सांगड घातली. त्यांत हिमालयातील बर्फही होते. १९७६ मध्ये हान आणि शुक्ला यांनी उपग्रहांच्या नोंदींवरून युरोप-आशियातील हिमाच्छादन आणि भारतातील पाऊस यांचे व्यस्त नाते दाखवले. डॉ. वसंत गोवारीकर यांच्या नेतृत्वाखाली १९८८ मध्ये सिद्ध झालेल्या १६ घटकांच्या प्रारूपातही बर्फाला स्थान होते. तेही २००२ च्या अवर्षणात अपुरे पडले. बर्फ आणि पाऊस यांचे नाते सर्व काळ सारखेच घट्ट राहत नाही, हेही नंतरच्या अभ्यासांतून पुढे आले.

देशाचा सरासरी अंदाज अचूक ठरला, तरी तेल्हारा वा दर्यापूरच्या शिवारात पेरणीनंतर पंधरा दिवस उघाड पडेल की नाही, हे त्यातून कळत नाही. दुबार पेरणीचे संकट टळते की ओढवते, ते मात्र त्यावरच ठरते. आता उपग्रह आणि महासंगणक हाताशी असल्याने जिल्हा व तालुका पातळीवरचे अल्पकालीन अंदाज दिले जातात. त्यांचा पाया म्हणजे गावोगावच्या पावसाची शिस्तबद्ध नोंद. आणि ती शिस्त या देशाला ज्यांनी लावली, त्यांत ब्लॅनफर्ड यांचे नाव अग्रभागी आहे.