पाळवणकर बाळू

क्रिकेटचा खेळ आमच्या नांदेड-लातूरकडील मुलांस परका नाही. परंतु पाळवणकर बाळू हे नाव त्यांतील थोड्यांसच ठाऊक असेल. धारवाडास चर्मकार कुटुंबात जन्मलेले हे गृहस्थ १८९२ च्या सुमारास पुण्यात गोऱ्यांच्या क्लबात चाकरीस राहिले. मैदान झाडावे, खेळपट्टीवर रूळ फिरवावा. वेतन दरमहा अवघे चार रुपये.

तेथील नामांकित फलंदाज कॅप्टन ग्रेग यांस सरावासाठी गोलंदाज हवा असे. त्यांनी या चाकराच्या हाती चेंडू दिला. डावखुऱ्या बाळूंची फिरकी रोज खेळून ग्रेगसाहेबांचा हात बसला, आणि बाळूंचाही. बॅट मात्र त्यांच्या हाती कोणी दिली नाही.

ही वार्ता पुण्यातील हिंदू खेळाडूंच्या कानी गेली. गोऱ्यांस हरवावयाचे तर बाळूंवाचून गत्यंतर नव्हते. म्हणून बऱ्याच वादानंतर त्यांस संघात घेतले. त्यांच्या हातचा चेंडू सर्वांस चाले. चहा मात्र त्यांस बाहेर, मातीच्या भांड्यात मिळे! हा व्यवहार आम्हांस आजही समजत नाही.

पुढे बाळू मुंबईस गेले. १९०६ साली हिंदू संघाने तेथे युरोपियनांस हरविले, त्यात त्यांचा वाटा मोठा होता. १९११ साली पतियाळाच्या महाराजांचा हिंदी संघ विलायतेस गेला. संघ बहुतेक सामने हरला. बाळूंनी मात्र ११४ गडी बाद केले.

तरीही हिंदू संघाचे कर्णधारपद त्यांस लाभले नाही. तो मान १९२३ साली त्यांचे धाकटे बंधू विठ्ठल यांस मिळाला, व त्या वर्षीची स्पर्धा हिंदू संघाने जिंकली. बाळू १९५५ साली मुंबईत निवर्तले.