माहिती देणं हाच गुन्हा होता तेव्हा...

बावीस वर्षांत अठरा वेळा दिवस गेले, अकरा मुलं जगली आणि पन्नाशीच्या उंबरठ्यावर क्षयाने ती माऊली गेली. अमेरिकेतल्या कॉर्निंग नावाच्या गावातल्या अ‍ॅन हिगिन्सची ही कहाणी. तिच्या अकरा मुलांमधली सहावी मुलगी म्हणजे मार्गारेट. पुढे सगळ्या जगाने तिला मार्गारेट सँगर म्हणून ओळखलं. संततिनियमनाची चळवळ म्हटलं की आजही पहिलं नाव तिचंच निघतं.

मार्गारेटचा जन्म १८७९चा. आई गेली तेव्हा ती जेमतेम एकोणीस वर्षांची होती. पुढे तिने नर्सिंगचं शिक्षण घेतलं, १९०२मध्ये विल्यम सँगर यांच्याशी लग्न केलं. तीन मुलं झाली. घरसंसार सांभाळून ती न्यूयॉर्कच्या लोअर ईस्ट साइड भागात बाळंतिणींची शुश्रूषा करायला जाऊ लागली. गरीब, परदेशातून पोट भरायला आलेल्या कुटुंबांची ही वस्ती. आपल्या गिरणगावातल्या चाळींसारख्याच दाटीवाटीच्या खोल्या. एका खोलीत आठ-आठ माणसं!

तिथे तिने जे पाहिलं ते भयंकर होतं. पुन्हा दिवस गेले की बायका काढे प्यायच्या, टर्पेंटाइन प्यायच्या, विणायच्या सुया वापरायच्या. नाहीतर गल्लीबोळात चोरून गर्भपात करणाऱ्यांच्या दारात रांग लावायच्या. कितीतरी जणी रक्तस्रावाने नाहीतर जंतुसंसर्गाने जायच्या. जन्म-मृत्यूच्या वहीत मात्र खरं कारण फारसं लिहिलंच जायचं नाही.

१९१२च्या उन्हाळ्यातला एक प्रसंग मार्गारेटने आपल्या आत्मचरित्रात लिहून ठेवला आहे. सेडी सॅक्स ही तीन मुलांची आई. नवरा ट्रक चालवायचा. तिने स्वतःच गर्भपाताचा प्रयत्न केला आणि ती मरणाच्या दारात गेली. तीन आठवडे झटून डॉक्टरांनी आणि मार्गारेटने तिला वाचवलं. पुन्हा दिवस राहू नयेत म्हणून काय करू, असं तिने डॉक्टरांना विचारलं. त्यावर नवऱ्याला गच्चीवर झोपायला सांग, अशी थट्टा करून डॉक्टर निघून गेले! मग तिने मार्गारेटकडे गयावया केली. पण मार्गारेटजवळ तरी कुठे उत्तर होतं? तीन महिन्यांनी पुन्हा बोलावणं आलं. या वेळी मात्र सेडी वाचली नाही. काही अभ्यासकांना वाटतं, की सेडी ही एकच बाई नसून अशा अनेकींची मिळून झालेली कहाणी असावी. तसं असेल तर ते अधिकच वाईट, नाही का?

तुम्ही म्हणाल, डॉक्टरांनी उपाय का सांगितला नाही? तर अमेरिकेत १८७३पासून कॉमस्टॉक कायदा होता. गर्भनिरोधाची माहिती टपालाने पाठवणंसुद्धा त्यात अश्लील ठरत होतं. राज्याराज्यांचे कायदे आणखी वेगळे. श्रीमंत बायकांना खासगी डॉक्टरांकडून गुपचूप उपाय कळायचे. गरिबांच्या वाट्याला मात्र सुई आणि काढा.

मार्गारेटने ठरवलं, की नुसती शुश्रूषा करून भागणार नाही. १९१४मध्ये तिने ‘द वूमन रिबेल’ हे मासिक काढलं. खटला झाला, तेव्हा तिला देश सोडून इंग्लंडला जावं लागलं. परत आली त्याच वर्षी, १९१५मध्ये, तिची लाडकी लेक पेगी न्यूमोनियाने गेली. एखादी खचून गेली असती. पण १६ ऑक्टोबर १९१६ला ब्रुकलिनच्या ब्राउन्सव्हिल भागात तिने अमेरिकेतलं पहिलं संततिनियमन केंद्र उघडलं. बाबागाड्या घेऊन बायकांची रांग लागली. गर्भपात करू नका, गर्भ राहणारच नाही असं पाहा, असा तिच्या पत्रकाचा अर्थ होता. दहाच दिवसांत पोलिसांनी केंद्र बंद केलं. पुन्हा कायदा मोडणार नाही एवढं लिहून दिलं असतं तर ती सुटली असती. तिने नकार दिला आणि १९१७मध्ये तीस दिवसांचा तुरुंगवास भोगला.

आपल्याकडे मुंबईत र. धों. कर्वे यांनी संततिनियमनाचं केंद्र काढलं ते १९२१मध्ये. त्या पायी त्यांना विल्सन कॉलेजातली प्राध्यापकी गमवावी लागली. समुद्र वेगळा, पण लाटा सारख्याच!

मार्गारेट भारतातही आली होती. डिसेंबर १९३५मध्ये वर्ध्याला ती गांधीजींना भेटली. गांधीजींचा भर संयमावर होता, तर संसारी बाईच्या हातात साधन हवं असं हिचं म्हणणं. दोघांचं जमलं नाही. १९५२मध्ये मुंबईत भरलेल्या आंतरराष्ट्रीय परिषदेलाही ती आली. तिथेच कुटुंबनियोजनाच्या जागतिक संघटनेची स्थापना झाली. धन्वंती रामा राव यांच्या बरोबरीने ती तिची अध्यक्ष झाली.

तिचं सगळंच डोक्यावर घ्यावं असं मात्र नाही. अमुक माणसं मुलं होऊ देण्याच्या लायकीची, अमुक नाहीत, असं सांगणाऱ्या सुप्रजननवादाला तिने पाठिंबा दिला होता. म्हणूनच २०२०मध्ये न्यूयॉर्कच्या एका केंद्रावरून तिचं नाव काढण्यात आलं. हेही आपण लक्षात ठेवायला हवं.

१९६६मध्ये मार्गारेट गेली. त्याच वर्षी आपल्याकडे शांतिलाल शहा समितीने गर्भपाताला कायद्याची वाट करून द्यावी, असा अहवाल दिला. चोरून केलेल्या गर्भपाताने बायका मरतात, हेच त्यामागचं कारण होतं. १९७१मध्ये कायदा झाला.

मग प्रश्न मिटला का? २००१ ते २००३ या काळातल्या सरकारी पाहणीत देशातल्या मातामृत्यूंपैकी सुमारे ८ टक्के मृत्यू गर्भपातामुळे झाल्याचं दिसलं. कायदा असूनही! वस्तीत काम करताना कारण कळतं. गर्भलिंग तपासणीवर बंदी आहे म्हणजे गर्भपातालाही बंदी आहे, असंच पुष्कळ जणी धरून चालतात. मग कुणाला न सांगता मेडिकलमधून गोळ्या आणायच्या आणि अंगावर रक्त जात असतानाही गप्प बसायचं.

मैत्रिणींनो, हे दोन्ही कायदे वेगळे आहेत. मुलगा की मुलगी हे तपासणं गुन्हा आहे. पण कायद्यात सांगितलेल्या कारणांसाठी, मान्यताप्राप्त ठिकाणी, नोंदणीकृत डॉक्टरांकडून केलेला गर्भपात गुन्हा नाही. वीस आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरांचं मत पुरतं. २०२१च्या दुरुस्तीनंतर काही विशेष परिस्थितीत दोन डॉक्टरांच्या मताने चोवीस आठवड्यांपर्यंत मुभा आहे. सज्ञान बाईची स्वतःची संमती पुरेशी असते, नवऱ्याची सही लागत नाही. नाव गुप्त ठेवणं डॉक्टरांवर बंधनकारक आहे. आणि पिशवी साफ करून आल्यावर पुढे कुठलं साधन वापरायचं, हे तिथेच विचारून घ्यायचं. सेडीने नेमकं हेच विचारलं होतं.

हळदीकुंकू असो की बचत गटाची बैठक, ही एवढी माहिती चार जणींच्या कानावर घालायला काय हरकत आहे? त्यासाठी मार्गारेटला तुरुंगात जावं लागलं होतं. आपल्याला फक्त तोंड उघडायचं आहे.