फ्रान्समध्ये कचऱ्याच्या डब्याला या साहेबांचं आडनाव कसं पडलं?

फ्रेंच लोक कचऱ्याच्या डब्याला 'पुबेल' म्हणतात. हे आडनाव होतं एका बड्या सरकारी अधिकाऱ्याचं.

युजेन पुबेल यांचा जन्म 1831 चा, नॉर्मंडीतला. आधी ते कायद्याचे प्राध्यापक होते, मग प्रशासनात आले. 1883 मध्ये पॅरिसचा कारभार त्यांच्या हाती आला. तेव्हा लोक घरातला कचरा सरळ रस्त्यावर ओतायचे.

त्याच वर्षी पुबेल यांनी आदेश काढला. घरमालकांनी भाडेकरूंसाठी झाकणाचे डबे ठेवायचे, तेही तीन. एकात कुजणारा कचरा, दुसऱ्यात कागद आणि चिंध्या, तिसऱ्यात काच, फुटकी भांडी आणि कालवांचे शिंपले.

घरमालक खर्चावरून चिडले. वर्तमानपत्रांनी खिल्ली उडवत डब्याला पुबेल यांचंच नाव चिकटवलं. पण खरा प्रश्न होता चिंध्या वेचणाऱ्यांचा. हजारो गरीब माणसं रस्त्यावरच्या ढिगातून चिंध्या, हाडं, काच वेचून पोट भरायची. त्या चिंध्यांचा कागद व्हायचा. ढीगच गेले तर खायचं काय? ओरड झाली, तेव्हा कचऱ्याची गाडी येण्याआधी डबे धुंडाळायची मुभा त्यांना मिळाली.

वेगवेगळ्या डब्यांचा नियम मात्र लोकांनी फारसा पाळला नाही. 1907 मध्ये पुबेल गेले, मागे डबा आणि नाव राहिलं.

भारतात 2016 च्या नियमांनी घरातच ओला, सुका आणि घातक कचरा वेगळा करायला सांगितलं. म्हणजे तेव्हा पुन्हा तीनच डबे झाले!