वॉट्सच्या चर्चमधून गंगेपर्यंत : बेसवादक चार्ल्स मिंगसची गोष्ट

१९७९ साली न्यूयॉर्कची एक बाई आपल्या नवऱ्याची रक्षा घेऊन भारतात आली आणि तिने ती गंगेत सोडली. नवरा जन्माने हिंदू नव्हता आणि भारतीयही नव्हता. तो अमेरिकेतला कृष्णवर्णीय बेसवादक आणि संगीतकार होता. त्याचं नाव चार्ल्स मिंगस. आपली रक्षा गंगेतच सोडावी, ही त्याचीच इच्छा होती. एवढ्या लांबच्या माणसाला गंगा का आठवली, हे समजायचं तर त्याच्या लहानपणापासून सुरुवात करावी लागते.

मिंगसचा जन्म २२ एप्रिल १९२२ रोजी ॲरिझोना राज्यातल्या नोगालेस या गावी झाला. मेक्सिकोच्या सीमेला अगदी लागून असलेलं हे गाव. वडील सैन्यात सार्जंट होते. मूल काही महिन्यांचं असतानाच आई वारली आणि कुटुंब लॉस एंजेलिसच्या वॉट्स भागात राहायला आलं. सांभाळ केला सावत्र आईने. ती मोठी देवभक्त होती. घरात चर्चच्या गाण्यांशिवाय दुसरं संगीत चालत नसे.

ती त्याला होलीनेस पंथाच्या चर्चमध्ये घेऊन जायची. तिथली प्रार्थना म्हणजे शांत बसून पुस्तक वाचणं नव्हे. टाळ्या, खंजिरी, अंगात आल्यासारखं डोलणं, एकाने हाक द्यायची आणि सगळ्यांनी ओ द्यायची. आपल्याकडे सप्ताहात रात्र चढल्यावर भजन जसं रंगतं, तसाच प्रकार. हे सगळं त्या पोराच्या कानात बसलं ते कायमचं. पुढे वडिलांच्या रेडिओवर त्याने ड्यूक एलिंग्टनचा बँड ऐकला आणि कानाला दुसरं दार उघडलं.

आधी तो चेलो शिकला. शास्त्रीय वाद्यवृंदात बसायचं स्वप्न होतं. पण त्या काळच्या अमेरिकेत काळ्या मुलाला तिथे जागा नव्हती. शाळेतला मित्र बडी कॉलेट याने त्याला सरळ बेस घ्यायला सांगितलं. डबल बेस हे व्हायोलिनच्या जातकुळीतलं सगळ्यात मोठं वाद्य. माणसाहून उंच, उभं राहून वाजवायचं. जॅझमध्ये त्याच्या तारा बहुतेक वेळा बोटांनीच छेडतात. तबल्यात डग्ग्याचं जे काम, तेच बँडमध्ये बेसचं. लोकांचं लक्ष ट्रंपेटवाल्याकडे असतं, पण बेस थांबला की सगळ्या बँडचा पाय घसरतो.

मिंगसने मेहनतीत कसूर केली नाही. रेड कॅलेंडरकडे शिकला. मग न्यूयॉर्क फिलहार्मोनिकमध्ये वाजवलेल्या हर्मन राइन्शागेन यांच्याकडे पाच वर्षं धडे घेतले. चर्चमधून सूर आणि बँडमधून भाकरी, ही वाट गोव्यातल्या वाचकांना ओळखीची वाटेल. तिथेही चर्चच्या संगीतशाळेत नोटेशन शिकलेली कितीतरी मुलं मुंबईच्या हॉटेलांतल्या बँडमध्ये गेली आणि नंतर सिनेसंगीतात रमली.

याच उमेदीच्या वयात त्याची सॅन फ्रान्सिस्कोतला चित्रकार फारवेल टेलर याच्याशी ओळख झाली. टेलरला वेदांताची ओढ होती. कर्म, पुनर्जन्म, ध्यान हे शब्द मिंगसच्या आयुष्यात आले ते त्याच्यामुळे. त्या शहरात वेदांताची चर्चा नवी नव्हती. ऑक्टोबर १८९२ मध्ये बेळगावात मुक्काम करून पुढे गोव्यात गेलेल्या स्वामी विवेकानंदांनी १९०० साली सॅन फ्रान्सिस्कोत वेदांत सोसायटीची स्थापना केली होती. आपल्या भागातून गेलेल्या एका संन्याशाने तिकडे पेरलेला विचार असा चाळीसएक वर्षांनी एका काळ्या बेसवादकाच्या कानी पडला. मिंगसने चर्च टाकलं नाही. पहिल्या घराला दुसरी खोली काढावी, तसा त्याने वेदांत जवळ केला.

मग बँडमागून बँड सुरू झाले. बार्नी बिगार्ड, लुई आर्मस्ट्राँग, किड ओरी आणि नंतर लायोनेल हॅम्प्टन. कौतुक होत होतं, पण पोट भरेना. मधल्या काळात त्याने टपाल खात्यात नोकरीही केली. १९५० मध्ये रेड नॉर्व्होच्या त्रिकुटात जागा मिळाली. नाव झालं आणि न्यूयॉर्कला टीव्हीवर कार्यक्रम ठरला. पण तिथे त्याच्या जागी गोरा बेसवादक उभा केला गेला. मिंगसने त्रिकूट सोडलं.

१९५२ मध्ये त्याने ड्रमवादक मॅक्स रोच याच्यासोबत स्वतःची रेकॉर्ड कंपनी काढली. तिचं नाव डेब्यू. कलावंतांनी स्वतःच्या कमाईचे मालक व्हावं, हा हिशेब त्यामागे होता. १९५३ मध्ये ज्याला लहानपणी रेडिओवर ऐकलं, त्या एलिंग्टनच्याच बँडमध्ये तो उभा राहिला. पण तिथे ट्रॉम्बोनवादक हुआन टिझोलशी हाणामारी झाली आणि एलिंग्टनने त्याला काढून टाकलं. देवासारखा मानलेला माणूस आणि त्याच्याच दारातून हकालपट्टी!

यानंतर त्याने स्वतःचा जॅझ वर्कशॉप उभा केला. आपल्या गुरूंसारखा तो वादकांना कागद न देता तोंडी आणि वाजवून शिकवू लागला. लहानपणीचं चर्च आता बँडमध्ये आलं. बुधवारच्या रात्रीच्या प्रार्थनासभेवर त्याने रचना केली. १९५९ च्या ‘मिंगस आह अम’ या तबकडीची सुरुवातही तशाच धुनेने होते. मधेच वाद्यं थांबतात, नुसत्या टाळ्या राहतात आणि मागून मिंगसच्या आरोळ्या ऐकू येतात. वॉट्समधली ती सावत्र आई ऐकायला असती तर तिने ही प्रार्थना लगेच ओळखली असती.

त्याच तबकडीत आर्कान्सा राज्याचा गव्हर्नर ऑर्व्हल फॉबस याची टर उडवणारी रचना आहे. १९५७ मध्ये लिटल रॉकच्या शाळेत काळ्या मुलांना अडवण्यासाठी याच गव्हर्नरने सैनिक उभे केले होते. कंपनीने या रचनेचे शब्द घेऊ दिले नाहीत. मिंगसने पुढच्याच वर्षी दुसऱ्या कंपनीकडून ती शब्दांसकट काढली.

पण या माणसाचा राग नेहमी योग्य जागीच पडायचा असं नाही. १९६२ मध्ये एका मोठ्या मैफलीच्या तयारीत त्याने आपला जुना साथीदार, ट्रॉम्बोनवादक जिमी नेपर याच्या तोंडावर ठोसा मारला. दात तुटला. ट्रॉम्बोन वाजवणाऱ्याचं तोंड म्हणजे त्याची रोजीरोटी. प्रकरण कोर्टात गेलं, मिंगसला शिक्षा झाली आणि ती स्थगित राहिली. ती मैफलही फसली. ध्यान करणारा आणि चर्चच्या टाळ्यांवर वाजवणारा माणूस मित्राचं तोंड फोडतो, हे झाकून त्याची गोष्ट सांगता येत नाही. मनाच्या त्रासासाठी तो १९५८ मध्ये रुग्णालयात राहून आला होता. १९६६ मध्ये त्याला राहत्या जागेतून बाहेर काढलं गेलं, सामान रस्त्यावर आलं. पुढची काही वर्षं तो जवळपास गप्पच होता.

सत्तरच्या दशकात तो सावरला. १९७१ मध्ये आत्मचरित्र आलं, नवा बँड जमला. आणि १९७७ च्या एका ध्वनिमुद्रणात ट्रॉम्बोनवर पुन्हा तोच जिमी नेपर बसला होता.

त्याच वर्षी निदान झालं. एएलएस नावाचा आजार, ज्यात स्नायू एकेक करून निकामी होत जातात. आयुष्यभर जाड तारा खेचणारी बोटं हलेनाशी झाली. तरी काम थांबलं नाही. तो टेपरेकॉर्डरमध्ये गुणगुणून धुना सांगायचा. जून १९७८ मध्ये राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांनी व्हाइट हाउसच्या हिरवळीवर जॅझ मैफल ठेवली. मिंगस चाकाच्या खुर्चीत होता. उपस्थितांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या तेव्हा तो रडला आणि कार्टर यांनी जवळ जाऊन त्याला धीर दिला.

शेवटचे दिवस मेक्सिकोत गेले. डॉक्टरांनी हात टेकल्यावर तिथल्या एका वैदूबाईच्या उपचारांची आशा होती. ५ जानेवारी १९७९ रोजी कुएर्नावाका इथे त्याने प्राण सोडला. वय ५६. पत्नी स्यू रक्षा घेऊन भारतात आली आणि तिने नवऱ्याला दिलेला शब्द पाळला.

त्याच्या कागदांत पुढे ‘एपिटाफ’ नावाची दोन तासांहून मोठी रचना सापडली. १९६२ च्या त्या फसलेल्या मैफलीत याच रचनेतले भाग वाजवायचे होते. ३ जून १९८९ रोजी न्यूयॉर्कमध्ये तीस वादकांनी ती सादर केली. बेसवर अर्थातच दुसरं कुणीतरी होतं.